काउंटरवर खाताना टिप द्यायची का? पुण्यात नेहमी पडणारे प्रश्न

कॉलेजात असताना मी तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या एका फराळाच्या दुकानात संध्याकाळी कूपनं फाडायचं काम केलं. गल्ल्यावर मालक, त्यांच्या शेजारी मी आणि आमच्या पाठीमागे मोरीवर भांडी घासणाऱ्या दोन मावशी. गिऱ्हाईक खूश होऊन काही ठेवून गेलं की ते कुणाच्या हाती पडतं, हे मी तिथे रोज पाहिलं. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. नात्यातली माणसं, मित्र, नव्याने पुण्यात आलेली मुलं जे प्रश्न मला विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

पैसे आधी भरले, कूपन घेतलं, डिश मीच उचलून आणली. तरी टिप द्यायची का?

नाही. देणं लागत नाही आणि न दिल्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. लष्कर भागात, म्हणजे कॅम्पात, बेकरीच्या रांगेत उभं राहून बिस्किटं घेतली, शनिपाराजवळ वडापाव खाल्ला, कोथरूडला काउंटरवरून कोल्ड कॉफी उचलली, तर वर काही ठेवायची पुण्यात पद्धत नाही. पूर्वीही नव्हती.

टिपची सवय आपल्याकडे टेबलावरच्या जेवणातून आली. वेटर पाणी आणून ठेवतो, चटणी हवी का विचारतो, सांबार पुन्हा वाढतो, शेवटी बडीशेपेच्या बशीत बिल घेऊन येतो. उरलेली चिल्लर आपण त्याच बशीत सोडतो. काउंटरच्या पद्धतीत ती बशीच नाही. पाणी तुम्ही भरून घेता, ताट तुम्ही उचलता, जागाही तुम्हीच शोधता. बऱ्याच ठिकाणी सेल्फ सर्व्हिसचे भाव म्हणूनच कमी असतात.

तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. मात्र देणं बंधनकारक नसलं तरी दिलेलं फार उपयोगी पडू शकतं, कारण काउंटरच्या हॉटेलातही राबणारी माणसं असतात. ती फक्त आपल्यासमोर येत नाहीत.

मनापासून द्यावंसं वाटलं तर कुणाला द्यायचं? समोर तर गल्ल्यावरचाच माणूस असतो.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पुण्यातल्या लहान फराळाच्या दुकानांत गल्ल्यावर बहुतेक वेळा मालक किंवा त्यांच्या घरचं कुणी तरी बसलेलं असतं. त्यांना टिप द्यायचं कारण नाही. त्यांनी पदार्थाचा भाव लावला, तुम्ही तो मोजला, व्यवहार पूर्ण झाला. ‘राहू द्या’ म्हणून तुम्ही दहा रुपये सोडले, तर ते गल्ल्यातच जातात आणि रात्री हिशोबात मिसळून जातात.

टिपचे खरे धनी मागे असतात. तापलेल्या तव्यासमोर सकाळी सहापासून उभा असलेला डोसा मास्टर, रविवारी मिसळीच्या गर्दीत सॅम्पलची, म्हणजे तिखट रश्श्याची, किटली घेऊन फिरणारा मुलगा, टेबल पुसणारा, मोरीवरच्या मावशी. यांतल्या कुणाचीही गाठ पैसे भरताना पडत नाही. तुमचं ताट जिथे परत जातं तिथे ती पडते.

आमच्या दुकानात दर गुरुवारी एक आजोबा साबुदाण्याची खिचडी खायला यायचे. खाऊन झालं की स्वतःची बशी घेऊन मागे मोरीपर्यंत जायचे, ती मावशींच्या हातात द्यायचे आणि बशीखाली घडी केलेली नोट असायची. ‘मावशी, हे तुमचं,’ एवढंच म्हणायचे. मावशी ती नोट पदराच्या गाठीला बांधायच्या. गल्ल्याशेजारी टिपचा एक डबाही होता. त्यात पडलेली नाणी दिवसभर सुटे म्हणून वापरली जायची आणि महिन्याच्या शेवटी तो कधी मोजला गेल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक चांगल्या मनानं टाकायचं, मावशींपर्यंत त्यातला एक रुपयाही पोचायचा नाही, आणि मी शेजारी उभा राहून ते बघायचो. आजही त्याचा राग येतो. म्हणून सांगतो, टिप द्यायचीच असेल तर त्या आजोबांसारखी द्या. ताट ठेवायला जाताना, हळू आवाजात, ज्याचं काम आवडलं त्याच्या हातात. सगळ्या हॉटेलभर दिसेल अशी नोट नाचवू नका. घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, आणि मालक बघत असेल तर त्याची अडचणही होऊ शकते.

किती द्यावी?

काउंटरवर टक्क्यांचा हिशोब करू नये. दहा किंवा वीस रुपये पुष्कळ झाले. घरची सात-आठ माणसं नाश्त्याला गेलात, चार टेबलं जोडून बसलात आणि खाली सांडलंही, तर पन्नास रुपये टेबल पुसणाऱ्याला द्या. त्याचं काम तुमच्यामुळे वाढलेलं असतं.

टेबलावर वाढणारं साधं उडपी किंवा मराठी हॉटेल असेल तर दोन-तीनशेच्या बिलावर मी वीस रुपये ठेवतो. मोठ्या रेस्टॉरंटात पाच ते दहा टक्के लोक ठेवतात. ती जागा वेगळी, तिथली अपेक्षाही वेगळी.

बाणेर, कोरेगाव पार्कच्या कॅफेंत काउंटरवर काचेची बरणी असते. त्यात टाकायचे का?

आधी विचारा. ‘ही बरणी तुम्ही सगळे वाटून घेता का?’ असा सरळ प्रश्न कॉफी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला विचारला की उत्तर लगेच मिळतं. ‘हो, आठवड्याला वाटतो’ असं हसून सांगितलं तर जरूर टाका. तो मुलगा गल्ल्याकडे बघायला लागला, तर पैसे खिशातच ठेवा आणि त्याच्या हातात द्या.

अशा कॅफेत तुमच्यासमोर उभी असलेली व्यक्ती बहुधा नोकरी करणारी असते, मालक नसते. त्यामुळे पेठेतल्या गल्ल्यापेक्षा इथे बरणीला जास्त अर्थ आहे. तरीही मागितलेली कॉफी हातात दिली म्हणून प्रत्येक वेळी टाकलंच पाहिजे असं नाही. तुमच्या आजीला गोड कमी हवं होतं म्हणून कुणी पुन्हा करून दिली, लॅपटॉप उघडून तुम्ही तीन तास एका कॉफीवर बसलात आणि कुणी उठवलं नाही, अशा वेळी टाका.

हल्ली जवळ रोख नसतेच. यूपीआयनं टिप देता येते का?

येते, पण कुठे जाते ते बघून द्या. काउंटरवरचा क्यूआर कोड दुकानाच्या खात्याचा असतो. बिल एकशे ऐंशी झालं आणि तुम्ही दोनशे पाठवले, तर वरचे वीस मालकाच्या खात्यात जमा झाले. साउंड बॉक्स ‘दोनशे रुपये मिळाले’ म्हणतो, पण त्यातले वीस कुणाचे हे तो सांगत नाही. कामगाराला ते मिळायला हवे असतील तर मालकानं रात्री आठवणीनं काढून द्यायला हवेत. काही मालक देतात. तुम्हाला ते समजण्याचा मार्ग नाही.

‘दादा, तुमच्या नंबरवर वीस रुपये पाठवू का?’ असं विचारता येतं. बरेच जण मोकळेपणानं नंबर सांगतात. पण मुलींना आणि बायकांना हे विचारू नका. परक्या माणसाला नंबर द्यायची पाळी त्यांच्यावर आणणं योग्य नाही, आणि टिपच्या नावाखाली नंबर मागणारी माणसं त्यांनी पाहिलेली असतात.

माझा स्वतःचा उपाय जुना आहे. पाकिटात दहा-दहाच्या पाच नोटा वेगळ्या ठेवतो, त्या फक्त यासाठी. बाकी सगळा व्यवहार फोनवर.

सुटे नाहीत म्हणून चॉकलेट दिलं, किंवा दोन रुपये परतच दिले नाहीत. तीच टिप समजायची का?

नाही. टिप ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे. तुमचे पैसे परत मिळणं हा तुमचा हक्क आहे, दोन रुपये असले तरी. शांतपणे मागा. चॉकलेट नको असेल तर नको म्हणा, त्यात हलकेपणा काही नाही. याउलट तुमच्याकडूनही काळजी घ्या. सकाळी आठ वाजता वीस रुपयांच्या चहाला पाचशेची नोट काढू नका.

ऑर्डर काउंटरवर दिली, पण डिश टेबलावर आणून दिली. ही कोणती पद्धत?

ही अर्धी-अर्धी पद्धत पुण्यात झपाट्यानं वाढली आहे आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. टोकनचा आकडा पुकारतात, किंवा टेबलावर आकड्याची पाटी ठेवायला देतात आणि मुलगा डिश घेऊन येतो.

मी बघतो ते असं. त्या मुलानं फक्त डिश आणून ठेवली आणि पुन्हा दिसला नाही, तर काउंटरचा नियम, म्हणजे काही देणं लागत नाही. त्यानं मागाहून पाणी विचारलं, चटणी आणून दिली, लहान मुलासाठी वेगळी बशी आणली, तर तो वेटरचंच काम करतोय. पैसे आधी भरलेले असल्यामुळे बडीशेपेची बशी येणार नाही आणि द्यायची वेळ नकळत निघून जाईल. म्हणून उठताना त्याला गाठून दहा-वीस रुपये द्या.

इराणी हॉटेलांत उलट असतं. डेक्कनचं १९३५ सालचं गुडलक घ्या. तिथे बन-मस्का आणि चहा टेबलावर येतो, म्हणजे ही टेबलाचीच सेवा झाली. बिल कितीही लहान असो, वेटर तुमच्यासाठी फेऱ्या मारतो. तिथे चिल्लर सोडावी.

अमृततुल्यात? गाडीवर?

गरज नाही. चहा करणारा बहुधा स्वतःच मालक असतो. ‘चहा फक्कड झालाय’ म्हणा.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला आहे. तो भरायचा का?

तुमची इच्छा असेल तरच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या कुठल्या नावाखाली वसूल करायचं नाही, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, न भरणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही आणि हे शुल्क बिलात मिळवून त्याच्यावर जीएसटी लावायचा नाही, असं त्यांत म्हटलं आहे. हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सूचनांना काही काळ स्थगितीही मिळाली. अखेर २८ मार्च २०२५ रोजी त्या न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या.

बिल भरण्याआधी नीट वाचा. टक्का लावलेला दिसला तर ‘हे काढून द्या’ असं गल्ल्यावर सांगा. बहुतेक जण वाद न घालता नवीन बिल काढून देतात. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते.

काउंटरवर तर सर्व्हिस चार्ज मुळातच अजब आहे. ताट मी उचललं, पाणी मी घेतलं, मग सेवा कसली? एका मॉलच्या फूड कोर्टात माझ्या बिलावर तो लागला होता. मी काढायला सांगितला. काउंटरवरच्या मुलीनं लगेच काढला आणि हळूच म्हणाली, ‘आम्हाला यातलं काही मिळत नाही.’ वजा झालेले पैसे मी तिच्याच हातात दिले.

जीएसटी म्हणजेच सेवाशुल्क ना?

नव्हे. जीएसटी हा सरकारचा कर आहे. साध्या हॉटेलात तो ५ टक्के असतो, २.५ केंद्राचा आणि २.५ राज्याचा. त्यातला एक पैसाही वेटरला मिळत नाही. जुना ‘सर्व्हिस टॅक्स’ तर १ जुलै २०१७ पासून, जीएसटी आला तेव्हाच संपला. नावातल्या सारखेपणामुळे अजूनही अनेक जण फसतात. लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी एकूण उलाढालीवर ठरावीक टक्क्यानं कर भरायची सोय) असतील तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. तशी पाटी त्यांनी दुकानात लावायची असते.

गिऱ्हाइकानं दिलेली टिप मालकानं ठेवून घेतली तर? कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये यासाठी स्वतंत्र कायदा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मालकांनी टिपची सगळी रक्कम कामगारांना देणं सक्तीचं आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

तरी न्यायालयांनी काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच सांगितलं की टिप ही गिऱ्हाइकाच्या औदार्यातून येते, मालकानं ती आपण दिलेल्या मोबदल्यात धरू नये. पुढे २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात प्रश्न प्राप्तिकराचा होता. कार्डानं भरलेल्या बिलातली टिप हॉटेल आधी स्वतःकडे घेतं आणि मग कामगारांना वाटतं, तेव्हा ती पगार ठरते का? सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. ती रक्कम मालकाकडे फक्त विश्वस्त म्हणून असते.

विश्वस्त हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. गल्ल्याशेजारच्या डब्यालाही तो लागू व्हावा. मालकांना माझी विनंती आहे, डबा ठेवायचाच असेल तर त्याच्यावर ‘ही रक्कम सर्व कामगारांत वाटली जाते’ असं लिहा आणि खरोखर वाटा. मोरीवरच्या मावशींनाही त्यात धरा. वाटणीतून सगळ्यात आधी त्याच वगळल्या जातात.

टेबल पुसणारा मुलगा फारच लहान दिसतो. त्याला टिप द्यावी का?

हा प्रश्न टिपचा राहत नाही. हॉटेल, ढाबा, चहाची टपरी इथे चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर कुठल्याही धंद्यात अशा मुलाला नोकरीला ठेवता येत नाही. मुलाच्या हातात दहा रुपये ठेवून आपलं मन हलकं होतं, त्याचं काही बदलत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हॉटेलचं नाव, रस्ता, वेळ सांगा. तिथल्या तिथे मालकाशी भांडू नका, त्याचा त्रास मुलालाच होतो.

मालकाचा स्वतःचा मुलगा शाळा सुटल्यावर गल्ल्याशेजारी बसून मदत करत असेल तर ते वेगळं. पण गल्लत करू नका. तो वडिलांच्या मांडीजवळ बसलेला असतो, रात्री दहा वाजता बादली घेऊन फिरत नसतो.

वेटरला काय म्हणून हाक मारावी?

दादा, काका, मामा, मावशी, ताई. उडपी हॉटेलात अण्णा. नाव माहीत असेल तर नाव, आणि वयानं मोठा असेल तर ‘अहो’. ‘ए’, ‘शुक शुक’, चुटकी, टेबलावर चमचा वाजवणं, हे सगळं बंद व्हायला हवं. वीस रुपये टिप देतो म्हणून ‘अरे-तुरे’ करायचा परवाना मिळत नाही. आमच्या मावशींना मी एकदा विचारलं होतं, कोणतं गिऱ्हाईक आवडतं? जास्त पैसे देणाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. ‘पाणी मागताना माझ्याकडे बघतात ते,’ म्हणाल्या.

पैसे न देता काही करता येतं का?

पुष्कळ. ‘ताटे येथे ठेवावीत’ अशी पाटी असेल तर ताट तिथेच ठेवा. उरलेलं अन्न, कागद आणि वाटी एकात एक कोंबू नका. मोरीवर ते हातानं वेगळं करावं लागतं. ताटात हात धुऊ नका. लिंबाची साल आणि टूथपिक रश्श्याच्या वाटीत टाकू नका. रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानाबाहेर रांग असेल तर खाऊन झाल्यावर उठा. गप्पा फुटपाथवरही रंगतात. आणि पाव किती लागतील ते आधीच सांगा, म्हणजे त्या मुलाला पाच फेऱ्या पडणार नाहीत.

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, मेसवर जेवतो. मी पण द्यायची का?

नाही, अजिबात नाही. नारायण पेठ, सदाशिव पेठेत हजारो मुलं गावाकडून आलेल्या पैशांत महिना काढतात. मेसचे पैसे वेळेवर भरा, खाडा असेल तर आदल्या दिवशी सांगा म्हणजे अन्न वाया जात नाही, पोळ्या लाटणाऱ्या काकूंना ‘आज भाजी छान झाली होती’ म्हणा. निकाल लागला तर पेढे आधी त्यांना द्या. मेसवाल्या काकू असे पेढे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

पार्सल घेताना?

काउंटरवरून पार्सल घेतलं तर काही लागत नाही. बारा जणांचं जेवण कुणी नीट बांधून, आमटीची पिशवी वेगळी गाठ मारून, गाडीपर्यंत आणून दिलं तर त्याला द्या. घरी जेवण घेऊन येणारा डिलिव्हरीचा मुलगा वेगळा. भर पावसात सिंहगड रस्ता ओलांडून आलेल्याला मी तीस रुपये देतो आणि आधी पाणी विचारतो.

मुलगा अमेरिकेत असतो. तिथे साध्या सँडविचच्या काउंटरवरही स्क्रीन फिरवून १८ टक्के, २० टक्के विचारतात. आम्ही तिकडे गेलो की गोंधळतो.

तिथली घडी वेगळी आहे. टेबलावर वाढणाऱ्या वेटरला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार मालकानं तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, आणि मधली भर टिपमधून पडावी अशी योजना आहे. ती पडली नाही तर फरक मालकानं भरायचा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारखी काही राज्यं मालकाला ही सवलत देतच नाहीत. टेबलावर बसून जेवलात तर तिथे १५ ते २० टक्के द्यायलाच हवेत, न देणं म्हणजे त्या माणसाची मजुरी बुडवणं.

काउंटरवरच्या कामगाराला मात्र बहुतेक ठिकाणी पूर्ण किमान वेतन मिळतं. म्हणून सँडविचच्या दुकानात स्क्रीनवर ‘नो टिप’ दाबलं तर काही चुकलं नाही. मागे रांग उभी असते, समोरचा बघत असतो, हात थरथरतो, हे मला माहीत आहे. माझ्या मावशीनं पहिल्या महिन्यात घाबरून प्रत्येक कॉफीवर २० टक्के दिले होते. आधी घरी मुलाबरोबर बसून ठरवा, कुठे द्यायचे आणि कुठे नाही.

आणि उलट बाजू. सुट्टीला आलेल्या मुलांनी इथे वडापावच्या गाडीवर वीस टक्क्यांचा हिशोब करू नये. खुशाल द्यावं, पण हिशोब इथल्या रीतीनं करावा.

मी रोजचं गिऱ्हाईक आहे. दर वेळी द्यायची की दिवाळीला एकदम?

दिवाळीला. रोजच्या चहाला रोज टिप दिली तर ती दोघांनाही ओझं होते. ‘बक्षीस’ हा फारसीतून आलेला शब्द आपण शाळेतल्या स्पर्धेला देऊन टाकला, पण दिवाळीच्या देण्यासाठी आपल्याकडे ‘पोस्त’ हा शब्द अजून जिवंत आहे. पोस्टमन, कचरा नेणारे, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा यांना आपण ते देतो. ज्या हॉटेलात वर्षभर नाश्ता केला तिथल्या माणसांनाही द्यायला काय हरकत आहे?

मी तीन पाकिटं करतो. एक तव्यावरच्या माणसाचं, एक टेबल पुसणाऱ्याचं, एक मोरीवरच्या मावशींचं. प्रत्येकावर नाव लिहितो. नाव माहीत नसेल तर त्या आठवड्यात विचारून घेतो. मालकांना आधी सांगतो, त्यांच्यापासून लपवून काही देत नाही, पण पाकीट मात्र ज्याचं त्याच्या हातात देतो.

वेळ सांभाळा. उडपीकडची, कोकणातली, मराठवाड्यातली माणसं वसुबारसेच्या आधीच गाड्या धरून गावाला जातात. लक्ष्मीपूजनाला पाकीट घेऊन गेलात तर मोरीवर बदली माणूस असेल. मी दसऱ्यानंतरच्या पहिल्या पगाराच्या सुमाराला देतो, म्हणजे गावी न्यायची खरेदी तुळशीबागेत आधीच करता येते.